वेदनेच्या चौकीवरील स्निग्ध दूत

अनवाणी चालताना उंबरठ्याची ठेच लागते. पायाच्या अंगठ्यातून एक तीक्ष्ण कळ चमकून जाते, तोंडातून आपोआप "आई गं!" बाहेर पडते आणि पाय वर उचलला जातो. साधारण एका सेकंदाने दुसरी कळ येते. ती पहिलीसारखी चमकत नाही. ठणकत, जळजळत पसरते आणि बराच वेळ रेंगाळते. आपण खाली बसतो आणि अंगठा चोळू लागतो. चोळल्यावर थोडे बरे वाटते.

हा अनुभव इतका नेहमीचा आहे की त्यात विचार करण्यासारखे काही असेल असे आपल्याला वाटत नाही. पण त्यात तीन चांगले प्रश्न दडलेले आहेत. एका ठेचेच्या कळा दोन का? चोळल्याने बरे का वाटते? आणि अंगठा अजून सुजलेलाच असताना ठणका हळूहळू ओसरतो, तो कोणामुळे? या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता शास्त्रज्ञ अशा पदार्थांपाशी येऊन पोहोचले की ज्यांचा वेदनेशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. ते पदार्थ म्हणजे आपल्या शरीरातील मेद, म्हणजेच स्निग्ध पदार्थ.

दोन तारा, दोन वेग

वेदनेची बातमी नेणारे मज्जातंतू मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारच्या तंतूंवर मायलिन नावाच्या पदार्थाचे पातळ वेष्टन असते. विजेच्या तारेवर रबराचे आवरण असावे तसेच हे वेष्टन होय. या तंतूंतून संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने धावतो. दुसऱ्या प्रकारचे तंतू फार बारीक व उघडे असतात. त्यांच्यातील संदेशाचा वेग सेकंदाला अवघा अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपल्या चालण्याइतकाच असतो.

पायाच्या अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतर मोठ्या माणसात सुमारे १ मीटर भरते. पहिला संदेश ते अंतर सेकंदाच्या एक पंचमांश किंवा त्याहूनही कमी वेळात कापतो. दुसऱ्याला साधारण एक सेकंद लागतो. दोन कळांचे कोडे असे साध्या गणिताने सुटते!

आणि गंमत पाहा, पहिल्या तंतूला वेग देणारे ते मायलिन तरी कशाचे बनलेले असते? त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग मेदच असतो. परंतु मेदाचे हे काम झाले केवळ वेष्टनाचे. त्याचे खरे कर्तृत्व पुढच्या मुक्कामावर दिसते.

मज्जारज्जूतील चौकी

मज्जारज्जू, ज्याला पाठ्यपुस्तकात मेरुरज्जू असेही म्हटलेले असते, तो पाठीच्या कण्याच्या पोकळीतून खाली उतरतो. त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि जाडी करंगळीएवढी असते. तो आडवा कापून पाहिला तर मध्यभागी फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग दिसतो. या फुलपाखराच्या मागच्या पंखांना पश्च शृंग म्हणतात. अंगठ्यातून निघालेले वेदनेचे तंतू तेथे येऊन थांबतात. तेथून पुढे मेंदूकडे बातमी नेण्याचे काम दुसऱ्या चेतापेशी करतात.

फार दिवस अशी समजूत होती की मज्जारज्जू म्हणजे केवळ तारघर. आलेला संदेश जसाच्या तसा पुढे पाठवणारे. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी एक वेगळाच विचार मांडला. त्यांच्या मते पश्च शृंगात जणू एक फाटक आहे. वेदनेचे संदेश ते उघडू पाहतात, तर स्पर्शाचे संदेश ते लोटून घेऊ पाहतात. आपण अंगठा चोळतो तेव्हा स्पर्शाच्या जाड तंतूंतून संदेशांची गर्दी होते, फाटक थोडे बंद होते आणि वेदनेची बातमी कमी प्रमाणात मेंदूकडे जाते. या कल्पनेतील बारकावे पुढे बदलले. पण मज्जारज्जू ही वेदनेची बातमी तपासणारी, वाढवणारी किंवा दाबणारी चौकी आहे, हा त्यातील गाभा टिकून राहिला.

मग या चौकीवर हुकूम कोणाचा चालतो? अनेकांचा. त्या अनेकांत मेदांपासून बनलेले काही छोटे रेणू फार महत्त्वाचे आहेत.

भिंत पाडून पत्र लिहायचे!

मेद म्हटले की आपल्याला तेल, तूप आणि पोटाचा घेर आठवतो. पण शरीरातील प्रत्येक पेशीभोवती जे पातळ पटल असते, तेही मुख्यतः मेदांचेच असते. या पटलात ॲराकिडोनिक आम्ल नावाचे एक मेदाम्ल गुंफलेले असते. त्याच्या साखळीत २० कार्बन अणू व ४ दुहेरी बंध असतात. त्याचे नाव भुईमुगाच्या लॅटिन नावावरून पडले आहे. मात्र भुईमुगाच्या तेलात सापडते ते त्याचे भावंड. हे स्वतः त्यात नसते.

पेशीला इजा झाली किंवा ती उत्तेजित झाली की काही विकरे या पटलातून ॲराकिडोनिक आम्ल किंवा ते असलेले तुकडे तोडून काढतात व त्यांपासून संदेशवाहक रेणू घडवतात. इतर संदेशवाहक पदार्थ आधीच तयार करून इवल्या पिशव्यांत भरून ठेवलेले असतात. मेदांचे तसे नाही. ते पटलात विरघळतात, म्हणून त्यांना पिशवीत कोंडून ठेवता येत नाही. गरज पडेल तेव्हा बनवायचे, वापरायचे व लगेच मोडून टाकायचे असा त्यांचा खाक्या असतो. घराच्या भिंतीची वीट काढून तिच्यावरच निरोप लिहून पाठवावा, तसा हा प्रकार आहे.

आश्चर्य असे की एकाच विटेवर दोन अगदी उलट निरोप लिहिले जातात. एक म्हणतो, "वेदना वाढवा." दुसरा म्हणतो, "पुरे झाले."

ब्रेक निकामी करणारे प्रोस्टाग्लँडिन

पहिल्या निरोपाचे नाव प्रोस्टाग्लँडिन. १९३५ च्या सुमारास स्वीडनमधील उल्फ फॉन ऑयलर यांनी हे नाव दिले. १९७१ साली इंग्लंडमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की ॲस्पिरिन हे औषध प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही. ॲस्पिरिन १८९७ पासून माहीत होते. पण ते वेदना का थांबवते, हे कळायला अशी ७० हून अधिक वर्षे जावी लागली. १९८२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्हेन यांना, तसेच प्रोस्टाग्लँडिनांवर मूलभूत काम करणाऱ्या बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन या स्वीडिश शास्त्रज्ञांना मिळून देण्यात आले.

सुजलेल्या अंगठ्यात प्रोस्टाग्लँडिन तयार होते व तेथील तंतूंना हळवे करते, हे यातून समजले. पण ते मज्जारज्जूतही तयार होते. तेथे ते काय करते?

पश्च शृंगात काही चेतापेशी ब्रेकचे काम करतात. त्या ग्लायसीन नावाचा पदार्थ सोडून शेजारच्या पेशींना शांत ठेवतात. २००४ साली युरोपातील शास्त्रज्ञांच्या एका गटाने उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की प्रोस्टाग्लँडिन-ई-२ हे ग्लायसीनच्या एका विशिष्ट ग्राहीची कार्यक्षमता कमी करते. ग्राही म्हणजे संदेशवाहक पदार्थ ज्याला येऊन चिकटतो तो पेशीवरील प्रथिनाचा रेणू. हा ग्राही मंदावला की ब्रेक ढिला पडतो व चौकीतून क्षुल्लक संदेशही मोठा होऊन जातो. ज्या उंदरांत हा ग्राही जन्मतःच नव्हता, त्यांच्यात सूज असूनही वेदनेचा हळवेपणा फार काळ टिकला नाही. सुजलेल्या बोटाला नुसती चादर लागली तरी आपण कळवळतो, यामागील एक कारण असे चौकीवरच घडत असते.

'आनंद' नावाचा रेणू

आता दुसऱ्या निरोपाकडे वळू. त्याची कथा इस्रायलमधील रेहोव्होत येथे सुरू होते. भांग, गांजा व चरस यांत मेंदूवर परिणाम करणारा पदार्थ कोणता, हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नक्की ठाऊक नव्हते. राफाएल मेशूलाम या रसायनशास्त्रज्ञाने पोलिसांनी पकडलेला ५ किलो चरस संशोधनासाठी मिळवला आणि १९६४ साली आपला सहकारी गाओनी याच्यासह तो पदार्थ वेगळा केला. त्याचे छोटे नाव टीएचसी.

पुढे १९८८ मध्ये मेंदूत या पदार्थासाठी खास ग्राही असल्याचे अमेरिकेत दिसून आले व १९९० मध्ये त्या ग्राहीची जनुकीय रचनाही उलगडली. त्याला सीबी-१ म्हणतात. आता खरा प्रश्न उभा राहिला. कुलूप आहे म्हणजे घरातलीच एखादी किल्लीही असली पाहिजे. एका झाडाच्या पदार्थाची वाट पाहत निसर्गाने आपल्या मेंदूत लाखो वर्षे कुलूप कशाला ठेवले असेल?

ती किल्ली १९९२ साली सापडली. मेशूलाम यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिव्हेन व लुमिर हानुश यांनी डुकराच्या मेंदूतून तिचा अत्यल्प अंश वेगळा केला. तो रेणू म्हणजे ॲराकिडोनिक आम्लाला जोडलेला एक छोटासा तुकडा होता. त्याला नाव काय द्यावे? त्यांनी थेट संस्कृतातील 'आनंद' हा शब्द घेतला, त्याला रसायनशास्त्रातील 'अमाइड' जोडला आणि नाव झाले आनंदामाइड! १९९५ साली त्याच जातीचा दुसरा रेणू सापडला. त्याचे नाव २-एजी. मज्जारज्जूच्या पश्च शृंगात या रेणूंचे ग्राही मुबलक आहेत.

पंगतीतला आडवा हात

हे रेणू काम कसे करतात, ते समजून घेण्यासाठी लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. वाढपी जिलबी वाढत येतो. पानावर बसलेल्याला पुरेशी झाली की तो पानावर हात आडवा धरतो आणि म्हणतो, "पुरे, पुरे!" वाढपी हात आवरता घेतो.

वेदनेचा तंतू हा वाढपी समजा. दोन चेतापेशींच्या संपर्कस्थानी तो ग्लुटामेट नावाचा पदार्थ वाढतो. पलीकडची पेशी तो घेते व उत्तेजित होते. वाढणे फार झाले की घेणाऱ्या पेशीत कॅल्शियमचे प्रमाण वाढते, विकरे जागी होतात आणि तिच्या पटलातून २-एजी तयार होते. हा रेणू उलट दिशेने, घेणाऱ्याकडून वाढणाऱ्याकडे जातो, तेथील सीबी-१ ग्राहीला चिकटतो आणि ग्लुटामेटचे वाढणे कमी करतो. २००१ साली मेंदूतील पेशींवरील प्रयोगांत हा उलटा प्रवास स्पष्ट झाला आणि पुढे मज्जारज्जूतही अशी व्यवस्था असल्याचे आढळले. काम झाले की दुसरी विकरे या रेणूंचे थोड्याच वेळात तुकडे करतात. आनंदामाइड तोडणाऱ्या विकराचे नाव एफएएएच असे आहे. त्याची ओळख १९९६ साली पटली.

तापात आपण घेतो त्या पॅरासिटॅमॉलच्या गोळीचा संबंधही येथे येतो. २००५ मध्ये स्वीडनमधील लुंड येथील शास्त्रज्ञांना उंदीर-घुशींच्या जातीच्या प्राण्यांत असे दिसले की पॅरासिटॅमॉलचे शरीरात रूपांतर होते आणि मेंदूत व मज्जारज्जूत तेच एफएएएच विकर त्याच्या तुकड्याला ॲराकिडोनिक आम्ल जोडते. त्यातून आनंदामाइडचा जणू चुलतभाऊ असलेला एक मेद-रेणू जन्मतो. गोळीच्या गुणाचा काही वाटा या नव्या रेणूचा असावा, असे मानले जाते. (ही गोळी घरोघरी असली तरी मात्रेबाहेर घेतल्यास यकृताला गंभीर इजा होते, हे विसरू नका.)

आणखी काही मेद सूज आवरती घेण्याचे काम करतात. त्यांना रिझॉल्व्हिन म्हणतात. ते ओमेगा-३ जातीच्या मेदाम्लांपासून बनतात. ही मेदाम्ले आपल्याकडील तारली, बांगडा अशा माशांत असतात. २०१० साली अमेरिकेतील प्रयोगांत, उंदरांच्या मज्जारज्जूभोवती काही नॅनोग्रॅम रिझॉल्व्हिन टोचताच सुजेमुळे आलेली वेदना कमी झाली. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश भाग! म्हणून बांगडा खाल्ला की गुडघा थांबेल असे मात्र कोणी समजू नये. ताटातला मासा आणि मज्जारज्जूत टोचलेला शुद्ध रेणू यांत फार अंतर आहे.

जेव्हा घंटा थांबतच नाही

येथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग आनंदामाइड वाढवणारी गोळी काढली की काम झाले! हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. कोणा आजींना नागीण होते, पुरळ सुकून जाते, कातडी बरी होते. पण जळजळ महिनोन्‌महिने सुटत नाही. पदर अंगाला लागला तरी त्या कळवळतात. धोका टळला तरी घंटा वाजतच राहते. अशा असंख्य माणसांना आजच्या औषधांनी पुरेसा आराम पडत नाही.

शास्त्रज्ञांनी ही वाट चोखाळून पाहिली. आनंदामाइड तोडणारे विकर रोखायचे, म्हणजे ते आपोआप साठेल, असा बेत होता. प्राण्यांत परिणाम चांगले आले. पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघेदुखीच्या रुग्णांच्या रक्तात आनंदामाइड भरपूर वाढले, तरी दुखणे मात्र कमी झाले नाही. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन या शहरी अशाच जातीच्या दुसऱ्या एका औषधाची चाचणी चालू असताना सहा स्वयंसेवकांना रुग्णालयात न्यावे लागले व त्यांतील एक जण मृत्यू पावला. ते औषध इतर काही मेद-विकरांनाही रोखत होते, असे २०१७ च्या संशोधनात आढळले. एक निरोगी माणूस इतरांच्या वेदनेवर उपाय सापडावा म्हणून पुढे आला आणि प्राणास मुकला. औषधाच्या प्रत्येक गोळीमागे किती सावधपणा हवा, हे या घटनेने जगाला शिकवले.

बेत एवढा सोपा का ठरला नाही? एक कारण असे की हे रेणू सर्वत्र एकच काम करत नाहीत. आनंदामाइड मिरचीच्या तिखटपणाची जाणीव करून देणाऱ्या ग्राहीलाही चेतवू शकते, हे १९९९ मध्ये दिसले. आणि तो ग्राही तर वेदना जागवणारा! २००९ साली असेही आढळले की मज्जारज्जूत हे रेणू कधी कधी ब्रेक लावणाऱ्या पेशींनाच "पुरे" म्हणतात. ब्रेकवरच ब्रेक लागला तर गाडी थांबेल की सुटेल, याचा विचार तुम्हीच करा.

यावरूनच आणखी एक गोष्ट कळते. शरीरात गांजासारखा रेणू आहे, म्हणून गांजा शरीराला चांगला, हा तर्क खोटा आहे. शेतकरी पाटाला बारे धरून एकेका वाफ्याला हवे तेवढेच पाणी देतो. शरीर आपले रेणू तसे वापरते. ज्या संपर्कस्थानी गरज असेल तेथेच, तेवढ्या वेळेपुरतेच. गांजाचा धूर म्हणजे धरणाचे दरवाजे उघडून सगळे शिवार एकदम बुडवणे. तुमच्या वयात मेंदूची जडणघडण चालू असते, तेव्हा तर हा पूर अधिकच घातक ठरतो.

वेदना नसलेली बाई

शेवटी २०१९ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेली एक हकिगत. स्कॉटलंडमधील साठी उलटलेल्या एका बाईंच्या हातावर शस्त्रक्रिया झाली. ही शस्त्रक्रिया फार दुखणारी. पण बाईंना वेदनाशामकाची गरजच भासली नाही. डॉक्टरांनी चौकशी केली तेव्हा कळले की त्यांना आयुष्यभर फारसे कधी दुखलेच नव्हते. तपासणीत आनंदामाइड तोडणाऱ्या विकराच्या जनुकात व त्याच्या शेजारच्या भागात बदल आढळले, आणि रक्तातील आनंदामाइडही नेहमीपेक्षा जास्त निघाले.

भाग्यवान बाई, असे वाटते ना? पण हात भाजला तरी त्यांना ते समजत नसे. जळलेल्या कातडीचा वास आला म्हणजे लक्षात येई. ठेच लागताच पाय मागे घ्यायला लावणारी ती पहिली कळ किती मोलाची आहे, हे तिच्यावाचून जगणाऱ्या माणसाकडे पाहून कळते.

म्हणून चौकी उठवून लावण्याचा शास्त्रज्ञांचा हेतू नाही. पहारेकरी हवाच. त्याने चोर आल्यावर ओरडावे आणि चोर गेल्यावर गप्प बसावे, एवढेच त्याला शिकवायचे आहे. ती भाषा शरीराने मेदांच्या बारीक अक्षरांत लिहून ठेवली आहे. तिची काही वाक्ये आज वाचता येतात, पुष्कळशी अजून येत नाहीत. नागिणीच्या जळजळीने रात्र रात्र जागणाऱ्या आजींसाठी ती कोणी तरी पुरती वाचायला हवी. ते काम तुमच्यापैकी एखाद्याचे का असू नये?

विचार करा: पायाला ठेच लागली तर दोन कळा वेगवेगळ्या ओळखता येतात. हनुवटीला चिमटा बसला तर तशा त्या का ओळखता येत नाहीत? वर दिलेले वेग आणि हनुवटीपासून मेंदूपर्यंतचे अंतर घेऊन वहीत गणित मांडा व आपल्या शिक्षकांना दाखवा.